आमच्या ह्यांचा देवाशी अबोला

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं आईनं शिकवलं होतं. पण नाव न घेता ही गोष्ट सांगायला बसले, तर ऐकणाऱ्याला वाटेल मी देवाचीच चहाडी करतेय. म्हणून एकदाच काय ते घेते: बाळाराम. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. म्हणजे बिघडलेले माग सुधारणारा. कसलाही अडेलतट्टू माग असो, आमच्या ह्यांचा हात लागला की तो गुमान खडखडायला लागायचा. हे स्वतः मात्र कधी कुणाच्या हातानं सुधारले नाहीत.

हट्टी म्हणजे किती हट्टी? एकदा सकाळच्या शिफ्टला निघताना बनियन उलटं घातलं. मी आपलं साधं म्हटलं, “अहो, बनियन उलटं आहे.” तर म्हणाले, “मला आसंच आवडतं.” बरं, एक दिवसाचं असतं तर मी काही बोलले नसते. त्या दिवसापासून ते बनियन फाटेपर्यंत उलटंच घातलं गेलं. धुऊन, वाळवून, मी मुद्दाम सुलटं घडी करून ठेवायची, आणि हे ते उलटं करून घालायचे. अशा माणसाची गाठ देवाशी पडली.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. कुणी नगरकडून आलेलं, कुणी जालन्याकडून, सगळी मागावर नाहीतर गोदामात कामाला. प्रार्थनामंदिर पत्र्याचं. तो पत्रा गळायला लागला, तेव्हा पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, कुणीतरी वर चढायला हवं. आमचे हे लगेच उभे राहिले. डांबराचा डबा घेऊन वर चढले, दोन भोकं बुजवली, तिसऱ्याकडं जाताना घसरले आणि धाडकन खाली आले. पाय मोडला. प्लास्टर घालून घरात पडून राहावं लागलं. हाड सांधलं, पण जरा वाकडंच सांधलं. तेव्हापासून हे चालताना डाव्या बाजूला कलतात.

प्लास्टर निघालं त्या दिवशी जेवायला बसलो. रोजच्यासारखी मी मान खाली घातली, काशीनं घातली. काशी म्हणजे आमची एकुलती एक लेक. प्रार्थना हेच करायचे. बराच वेळ झाला तरी आवाज नाही. डोळे उघडून बघते तर हे भाकरी मोडून निवांत खातायत.

“प्रार्थना?” मी विचारलं.

“माझा त्याच्याशी अबोला हाय,” हे म्हणाले.

“कुणाशी?”

यांनी भाकरीचा तुकडा वर छताकडं दाखवला. “त्याच्याच घराचं छप्पर नीट करत होतो ना मी? माझ्या घराचं करताना पडलो असतो तं समजलो असतो. स्वतःच्या घराचं काम करणाऱ्याला कुणी खाली पाडतं का? चूक त्याची हाय. आता त्यानंच आधी बोलायचं.”

“अहो, देव कसा येऊन बोलणार?”

“ते त्याचं त्यानं बघावं. शास्त्रात झुडपात बसून बोलला तवा जमलं, आणि भिवंडीत जमत न्हाय?”

आता अबोला म्हटलं की आपल्या घरांमधून काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भांडलेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, पण संसार तर चालवायचाच असतो. मग मधल्या माणसाच्या हाती निरोप जातात. तिला सांग पाणी तापव. त्यांना सांग बंब फुटलाय. आमच्याकडं हे मधलं माणूस मी झाले. सकाळी ड्युटीला जाताना हे उंबऱ्यावर थांबायचे.

“कमळ, त्याला सांग, आज लाइट जाऊ देऊ नको म्हणावं. कापडाचा ताका उतरायचा हाय.”

“तुम्हीच सांगा की.”

“मी बोलत न्हाय.”

मग मी डोळे मिटून सांगायची. सांगताना माझंही एखादं मागणं घुसडून द्यायची, रॉकेलची रांग लहान असू दे वगैरे. संध्याकाळी हे तणतणत परत यायचे. “दुपारी लाइट गेली! तू नीट सांगितलं व्हतं ना?” जणू मी तार ऑफिसात बसते आणि तार चुकीच्या पत्त्यावर पाठवते!

बरं, प्रार्थनामंदिरात येणं बंद केलं असतं तर एक वेळ समजलं असतं. नाही! दर रविवारी हे सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. मी विचारलं, तर म्हणाले, “मी बोलत न्हाय हे त्याला दिसायला नको?” गीतं सुरू झाली की सगळी मंडळी गायची आणि हे ओठ घट्ट मिटून झांज वाजवायचे. कारण आमच्या मंडळीत झांज यांच्याइतकी चांगली कुणाला वाजवता यायची नाही. “झांज मंडळीसाठी वाजवतो,” हे सांगायचे, “त्याच्यासाठी न्हाय.” एकदा पाळकसाहेबांनी ताठ मानेच्या लोकांवर प्रवचन केलं आणि सबंध वेळ आमच्या बाकाकडं बघत केलं. घरी येताना हे म्हणाले, “कुणाबद्दल बोलत व्हते कुणास ठाऊक. माझी मान न्हाय, पाय वाकडा हाय.”

आणखी एक पंचाईत झाली. बोटाला ठेच लागली, हातोडी निसटली, की माणसाच्या तोंडून आपसूक “अरे देवा” निघतंच. यांना ते चालेना. देवाला हाक मारल्यासारखं होतं ना! मग “अरे बापरे” करून बघितलं. तर काशी म्हणाली, “बाबा, आपण त्याला स्वर्गातला बापच म्हणतो.” झालं, तेही बंद. शेवटी मागावर इकडून तिकडं पळणारा जो धोटा असतो, त्याच्या नावानं हे ओरडायला लागले. पायावर काही पडलं की “अरे धोट्या!” कारखान्यातले सलीमचाचा मला एकदा बाजारात भेटले, म्हणाले, “भाभी, जॉबर को किसी डॉक्टर को दिखाओ.”

असं करत दोन-अडीच वर्षं गेली. मी आदळआपट केली, रडून पाहिलं, पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांना यांनी चहा पाजला, त्यांची सायकल दुरुस्त करून दिली आणि परत पाठवलं. मीही हळूहळू सवय करून घेतली. सवय कशाची होत नाही? पण मग काशीचं लग्न ठरायची वेळ आली आणि माझी झोप उडाली.

काशी बालवाडीत शिकवायची. ख्रिस्ती मेळाव्यात तिची कल्याणच्या अनंताशी ओळख झाली. मुलगा रेल्वेत, सालस, आणि काशीपुढं त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कल्याणहून कुणी येणार म्हटलं की आमची पोरगी वेणी दोनदा सोडून दोनदा घालायची. दोघांचं जमलंच होतं. प्रश्न होता तो अनंताच्या वडिलांचा. तुळशीराम मास्तर, निवृत्त शिक्षक, त्यांच्या मंडळीतलं वजनदार माणूस. बायको देवाघरी गेल्यावर मुलाला त्यांनी एकट्यानं वाढवलं होतं. त्यांची अट एकच. हुंडा नको, मानपान नको. मुलगी प्रार्थनेच्या घरातली हवी. ज्या घरात बाप गुडघे टेकतो त्याच घरातली सून ते आणणार. यापूर्वी दोन ठिकाणी त्यांनी ऐन जेवणावरून उठून नकार दिला होता, हेही आमच्या कानावर आलं होतं.

मास्तर रविवारी उपासनेनंतर आमच्याकडं जेवायला येणार, असा निरोप आला. काशी यांच्यापुढं जाऊन बसली.

“बाबा, जेवणाआधीची एवढीशी प्रार्थना. चार वाक्यं. पुढं मी तुम्हाला कधी काही मागणार नाही.”

पोरीवर जीव होता हो, तिच्यासाठी यांनी काय नसतं केलं! कपाळाला घाम फुटला यांच्या. शेवटी म्हणाले, “झांज वाजवू का?”

काशी उठून आत गेली आणि मी कढई इतक्या जोरात आपटली की शेजारची आनंदीबाई धावत आली.

आनंदीबाई मूळची राहनाळची, खाडीकाठच्या घरातली. सोयरीक म्हटल्यावर तिनं रविवारी पहाटेच भावाकडून खाडीचा ताजा जिताडा आणून माझ्यापुढं ठेवला. हा एवढा थोरला मासा! “व्याह्यांना जिताडा न्हाय वाढला तं सोयरीक कसली गो?” असं तिचं म्हणणं. मी तुकड्या तळल्या, रस्सा केला. आणि दुसरीकडून माझी युक्ती तयार ठेवली. पाळकसाहेबांनाच जेवायला बोलावलं. पाळक पंगतीला असले की प्रार्थना त्यांनीच करायची, घरधन्याला कोण विचारतो? पण पाळकसाहेब उपासना आटोपताच गणेशपुरीकडं एका आजारी म्हातारीला भेटायला गेले होते आणि तिकडची एस.टी. आलीच नाही. दुपारी मास्तर आले, अनंता आला, गप्पा झाल्या, पानं मांडली, तरी पाळकसाहेबांचा पत्ता नाही.

मग मी देवाला म्हटलं, आता तूच बघ. माझं सगळं करून झालं.

पंगत बसली. एका बाजूला मास्तर आणि अनंता, समोर हे आणि काशी, मी वाढायला उभी. मास्तरांच्या पानात मी डोक्याकडची सगळ्यात मोठी तुकडी वाढली होती. मास्तरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि म्हणाले, “प्रार्थना करू या. घरधनी करतील.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले.

आणि शांतता झाली.

अशी शांतता मी भिवंडीत कधी ऐकली नव्हती. आमच्या गल्लीत चोवीस तास मागांची खडखड असते, पण नेमकी त्याच वेळी लाइट गेली होती. इतके दिवस मी लाइट जाऊ नये म्हणून निरोप पोचवले, आणि ती गेली तर या मुहूर्तावर! थोड्या वेळानं मी एक डोळा किलकिला केला. हे हाताची घडी घालून, डोळे टक्क उघडे ठेवून, तोंड शिवल्यासारखं मिटून बसलेले. आणि त्यांची नजर दाराकडं लागलेली. मीही तिकडं बघितलं. मांजर आत येत होती.

आता माझी अवस्था बघा. मी “शुक शुक” म्हटलं तर प्रार्थना मोडते. मास्तर विचारणार, कमळाबाई, तुमचे डोळे उघडे कसे? हे बोलले तर पहिलाच शब्द प्रार्थनेचा धरला जाणार, म्हणून हे काही बोलेनात. यांनी नुसतेच डोळे वटारले. मांजर बसली आणि पंजा चाटू लागली. यांनी हात हलवला. मांजरीला वाटलं बोलावतायत, ती जवळ आली. मग यांनी तो वाकडा पाय हळूहळू लांब करून तिला ढकलायला बघितलं. तिनं त्या पायाला अंग घासलं, पायावरून सावकाश पलीकडं गेली, आणि तुळशीराम मास्तरांच्या पानातली जिताड्याची तुकडी तोंडात धरून जशी आली तशी डौलात निघून गेली.

मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलत होते. नंतर त्यांच्या गालावर पाणी आलं, आणि मोठ्या गहिवरानं त्यांनीच शेवटी म्हटलं, “आमेन.”

सगळ्यांनी डोळे उघडले. मास्तरांनी चष्मा लावला, पानाकडं बघितलं, पण सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. ते यांच्याकडं वळले.

“जॉबर, आयुष्यात पुष्कळ प्रार्थना ऐकल्या. शब्दांचे नुसते मनोरे. पण एक शब्द न उच्चारता, इतका वेळ, इतकी लीन प्रार्थना मी पहिल्यांदा अनुभवली. अनंता, हेच ते घर. मला काही विचारायचं राहिलं नाही.”

काशीनं माझ्याकडं बघितलं, मी काशीकडं. माझ्या जिवात जीव आला. सुटलो! मी मनातल्या मनात साखर वाटायलासुद्धा लागले होते. आता या माणसानं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा!

पण नाही. फुकटची स्तुती या माणसाला पचतच नाही. कापडात एक धागा तुटका निघाला तरी तो ताका चांगला म्हणून पुढं जाऊ देणार नाहीत, मालकाशी भांडतील. यांचा चेहरा लाल झाला.

“मास्तर,” हे म्हणाले, “मी प्रार्थना केली न्हाय.”

“अं?”

“मी मांजर बघत व्हतो. माझा देवाशी अबोला हाय.”

आणि मग यांनी सगळं सांगितलं. पत्रा, डांबर, पाय, चूक त्याची, आधी त्यानं बोलायचं. मास्तर ऐकत होते आणि त्यांची मान हळूहळू ताठ होत होती. मी भाताच्या पातेल्याचा आधार घेऊन उभी राहिले.

“म्हणजे या घरात प्रार्थना होत नाही,” मास्तर म्हणाले.

“हिची व्हते. पोरीची व्हते.”

“मी घरधन्याबद्दल विचारतोय.” मास्तरांनी पान पुढं सरकवलं. आता उठणार, मी म्हटलं. गेलं स्थळ! पण मास्तर उठले नाहीत. त्यांनी यांच्याकडं बघून हाताची घडी घातली. “घरधन्याच्या प्रार्थनेशिवाय मी आजवर घास घेतलेला नाही, घेणारही नाही. आणि तुमचं खरं बोलणं मला आवडलं, म्हणून लगेच उठतही नाही. मीसुद्धा हट्टी आहे, जॉबर. बसलो.”

“बसा,” हे म्हणाले, आणि यांनीही घडी घातली.

बसले हो दोघं! समोरासमोर, मधे पानं. रश्शावर साय धरली. भात सुकला. माशा घोंगावायला लागल्या. अनंताच्या पोटात इतक्या मोठ्यानं गुरगुरलं की तो बिचारा लाजून खोकला. दारात आनंदीबाई डोकावली.

“काय गो, कुणी गेलं का काय?”

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं गालावर हात मारला आणि आत येऊन थेट यांनाच सुनावलं. “देवाशी कुणी आसं करतं व्हय? आमी अडलो तं देव पाण्यात ठेवतो! म्हणजे त्यालाच घाई व्हते. पण बोलणं थोडीच बंद करतो? उलट जास्त बोलतो!”

“आनंदीबाई, आमचा देव पाण्यात मावत न्हाय,” हे म्हणाले.

“हे मात्र तुम्ही योग्य बोललात,” मास्तर म्हणाले, आणि दोघांनी घडी आणखी घट्ट केली.

बऱ्याच वेळानं यांची चुळबुळ सुरू झाली. यांनी माझ्याकडं बघितलं. मला ती नजर ठाऊक होती, उंबऱ्यावरची.

“कमळ, त्याला सांग...”

“सांगणार नाही,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “माझा संप आहे. आजपासून निरोप बंद!”

मग हे काशीकडं वळले. अगदी हळू म्हणाले, “काशे, तू तरी सांग त्याला. ही सोयरीक मोडू देऊ नको म्हणावं.”

काशी आतापर्यंत मान खाली घालून बसली होती. तिनं वर बघितलं. तिला राग आला नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं.

“बाबा, माझ्यासाठी मीच मागू?” ती म्हणाली. “तुम्ही असताना?”

बस, एवढंच. पण यांच्या हाताची घडी सुटली. ज्या मुलीचा बाप नसतो ती स्वतःसाठी मागते. आमच्या पोरीला समोर बाप बसलेला असून तसं करायची पाळी आली होती, आणि हे त्या घडीला यांना कळलं. यांचे हात मांडीवर येऊन पडले. डोळे मिटले. मास्तरांनी मिटले, आम्ही सगळ्यांनी मिटले. दारातल्या आनंदीबाईनंसुद्धा पदर डोक्यावर घेतला.

यांनी घसा खाकरला. परत खाकरला. मी वाट बघत होते. इतक्या वर्षांनी माणूस देवाशी काय बोलणार? हे परमेश्वरा म्हणेल? दयाळू पित्या म्हणेल?

“जेवलास का?” हे म्हणाले.

अनंता फिसकन हसला, आणि मास्तरांनी त्याला कोपर मारलेलं मी डोळे मिटूनही ऐकलं. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याकडं अबोला सुटतो तो असाच सुटतो. चुकलो, माफ कर, असं कोण म्हणतं? एकानं दुसऱ्याला विचारायचं, जेवलास का. मग दुसऱ्यानं समजून घ्यायचं.

“न्हाय, म्हंजे तुला कुठं भूक लागते,” हे पुढं म्हणाले. “पण विचारलं आपलं. ह्या लोकांना लागलीय. जिताडा गार झाला. मास्तरांची तुकडी मांजरीनं नेली, ते बोलले न्हाईत, पण मी बघितलं. त्यांना दुसरी वाढतो.”

मला वाटलं संपलं.

“पायाचं बोलायचं राहिलं. चपला काढून वर चढा, असं ही मला बोलली व्हती. मी न्हाय काढल्या. मी हिला सांगितलं की काढल्या व्हत्या. तुला खरं माहीत व्हतं. तुला माहीत हाय हे मला माहीत व्हतं, म्हणून तं तुझ्याशी बोलायला तोंड व्हईना. पण एक सांगतो. घसरलो तवा मी तुझंच नाव घेतलं. दुसऱ्या कुणाचं न्हाय. आणि खाली आलो तं वर नुसता पत्रा. कुणीच न्हाय. मला वाटलं, ह्यानं हात सोडला. लई भ्यालो मी. सगळ्यांना सांगितलं की मला राग आलाय. राग नव्हता तो येवढा.”

मी डोळे उघडले. राहवलंच नाही मला. हे रडत होते. लग्न झाल्यापासून मी या माणसाला रडताना बघितलं नव्हतं, पाय मोडला तेव्हासुद्धा नाही. मी इतके दिवस भांडत होते ती एका घाबरलेल्या माणसाशी, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

“आता पोरीचं,” हे म्हणाले, आणि आवाज पार चिरकला. “पोरगा चांगला हाय. मास्तर माझ्यासारखेच हायेत, पण चालतील. ती तिकडं गेली की तिला काय लागलं-खुपलं, रात्री भ्याली-बिली, तं तू बघ. माझा पाय आसा. मी कल्याणपर्यंत धावत न्हाय येऊ शकत. तू जा. आमेन.”

“आमेन,” आम्ही सगळे म्हणालो. आनंदीबाई जरा उशिरा म्हणाली, पण सगळ्यांत मोठ्यानं.

मास्तर कितीतरी वेळ चष्म्याच्या काचा पुसत होते. मग म्हणाले, “मांजर होती होय! मला वाटलं, तुमच्याकडं पाहुण्याला नुसता रस्साच वाढतात.” मी लगबगीनं दोन तुकड्या आणून वाढल्या. मास्तरांनी गार भाताचा पहिला घास घेतला, नीट चावला आणि अनंताकडं बघून म्हणाले, “बघ, भांडण झालं तरी दर रविवारी त्याच घरी जाऊन बसत होते. रुसले, पण घर सोडून गेले नाहीत. या घरातली मुलगी मला हवी.” काशी उठून आत पळाली. अनंताला ठसका लागला, त्याला पाणीसुद्धा मीच दिलं.

संध्याकाळी पाहुण्यांना एस.टी.त बसवून आम्ही परत आलो. मी चहा ठेवला. हे मागच्या दारी, नळाजवळच्या दगडावर पाय पसरून बसले होते. चहाचा कप घेऊन मी गेले तर यांचं बोलणं चाललेलं. कारखान्यातला कुठला माग सारखा बिघडतो, मालक नवा पट्टा देत नाही, काशीच्या आईला गुडघेदुखी सुरू झालीय पण ती सांगत नाही. वर बघत, हात हलवत, एकामागून एक. एरवी मी हाक मारून दोन शब्द सुनावलेच असते, की चहा गार होतोय. मी दारातच उभी राहिले. इतक्या वर्षांचं साठलं होतं, मधे कसं बोलणार? चहा पार गार झाला. म्हटलं होऊ दे, पुन्हा करीन.